न पाहिलेल्या कार्यक्रमाचा निषेध

सोमवार, ३० जुलै २००१. मी तेव्हा इंग्लंडात होतो, रेडिंगला. कंपनीने सहा महिन्यांसाठी 'ऑनसाइट' पाठवलं होतं, त्याचे पुढे चौदा महिने झाले. सकाळी कँटीनमध्ये चहा घ्यायला गेलो तर टेबलावर दोन-तीन टॅब्लॉइड पेपर उघडे पडलेले आणि भोवती नेहमीपेक्षा जास्त माणसं. आमच्या टीममध्ये एक वयस्कर बाई होत्या. दोन नातवंडांची आजी, स्वभावाने अतिशय शांत. त्या चक्क थरथरत होत्या. गुरुवारी रात्री चॅनल फोरवर एक कार्यक्रम झाला होता म्हणे, लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांवर विनोद करणारा. "तुमच्या देशात दाखवतील का रे असलं काही?" त्यांनी मला विचारलं.

"शक्यच नाही," मी म्हणालो, "अशा माणसाला सरळ तुरुंगात टाकायला पाहिजे." भोवतालच्यांनी माना डोलावल्या. परक्या देशात, परक्या भाषेत आपलं बोलणं इतकं पटकन सगळ्यांना पटतंय याचं मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता गंमत ऐका. आम्ही चार जण ज्या घरात राहायचो तिथे टीव्हीच नव्हता. इंग्लंडात टीव्हीचं वार्षिक लायसन्स घ्यावं लागतं, ते पैसे वाचवायचे म्हणून आम्ही टीव्ही घेतलाच नव्हता. तो कार्यक्रम मी पाहिला नव्हता. टेबलावरचा पेपरही मी नीट वाचला नव्हता, फक्त मथळा पाहिला होता.

दोनेक वर्षांनी त्या कार्यक्रमाची डीव्हीडी हाती आली. कार्यक्रमाचं नाव 'ब्रास आय', आणि तो करणारा क्रिस मॉरिस. पाहून संपल्यावर बराच वेळ गप्प बसून राहिलो, कारण तो कार्यक्रम माझ्यावरच होता. म्हणजे त्या सोमवारी कँटीनमध्ये जे मी केलं, नेमकं त्यावर. तेव्हापासून या माणसाने माझा पिच्छा सोडलेला नाही. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून हा लेख.

*

क्रिस मॉरिसचा जन्म १९६२ चा. आई-वडील दोघंही डॉक्टर. बालपण केंब्रिजशायरमधल्या एका खेड्यात गेलं, शिक्षण लँकाशायरमधल्या स्टोनीहर्स्ट या जेझुइट पाद्र्यांच्या निवासी शाळेत आणि पुढे ब्रिस्टल विद्यापीठात. विषय प्राणिशास्त्र. हे शिक्षण त्याच्या कामात पुढे कुठे दिसतं असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, सगळीकडे. माणूस नावाचा प्राणी कॅमेरा समोर आल्यावर कसा वागतो, हे तो किडा भिंगाखाली धरावा तसं पाहतो.

सुरुवात त्याने बीबीसीच्या स्थानिक रेडिओवर केली, आधी केंब्रिजशायर, मग ब्रिस्टल. ब्रिस्टलहून त्याला काढून टाकलं. त्याबद्दल एक दंतकथा आहे: बातम्या वाचणाऱ्याच्या खोलीत त्याने हेलियम सोडला, आणि गंभीर बातम्या हळूहळू चिरक्या आवाजात ऐकू येऊ लागल्या. दंतकथा खरी असो वा नसो, तिच्यात मॉरिसचा अख्खा कार्यक्रम आलाय. बातमीचा शब्दही बदलायचा नाही, फक्त आवाज बदलायचा. मग बघा, त्या बातमीचं वजन कशात होतं, मजकुरात की आवाजात?

१९९१ मध्ये अरमांडो इयानुची नावाच्या निर्मात्याने त्याला बीबीसीच्या रेडिओ फोरवर 'ऑन द अवर' या खोट्या बातम्यांच्या कार्यक्रमासाठी घेतलं. १९९४ च्या जानेवारीत तेच प्रकरण 'द डे टुडे' या नावाने बीबीसी टूवर टीव्हीवर आलं. भाग अवघे सहा. (स्टीव्ह कूगनचा अ‍ॅलन पार्ट्रिज हा महाबोअर क्रीडा-निवेदक याच मंडळींतून जन्माला आला, पण ती वेगळी गोष्ट.)

'द डे टुडे' पाहताना आधी कळतच नाही की हसायचं कुठे. कारण त्यात राजकारण्यांच्या नकला नाहीत. ब्रिटनमध्ये तशा विडंबनाची परंपरा मोठी होती. 'स्पिटिंग इमेज'मध्ये तर पंतप्रधानांचे रबरी बाहुले नाचवत. मॉरिसने नेत्याला सोडलं आणि नेत्याला प्रश्न विचारणाऱ्याला धरलं. सूट, टाय, एक भुवई किंचित वर, आवाजात न्यायाधीशाचा दरारा. मागे ढोल-नगारे वाजवल्यासारखं संगीत, गरागरा फिरणारी अक्षरं, गोळे, पृथ्वी. आणि या सगळ्या थाटामाटात वाचली जाणारी वाक्यं व्याकरणाने शुद्ध आणि अर्थाने निव्वळ बकवास.

त्यातला एक भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऑस्ट्रेलिया आणि हाँगकाँग यांच्यात व्यापारी करार झाल्याची आनंदाची बातमी असते. दोन्हीकडचे प्रतिनिधी खुशीत. मॉरिसचा निवेदक दोघांना एकाच वेळी प्रश्न विचारायला लागतो. याने असं म्हटलं, तुम्हाला अपमान वाटला नाही का? त्याने तसं म्हटलं, तुम्ही ऐकून घेणार? काडी टाकत, टाकत, टाकत तो पाच मिनिटांत दोघांकडून युद्ध पुकारून घेतो. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो! लगेच मागचा पडदा उघडतो, युद्धासाठीचा खास स्टुडिओ तयारच असतो, नवं शीर्षकगीतही तयार असतं.

हे १९९४ चं आहे, हे पुन्हा एकदा सांगतो. रात्री नऊच्या चर्चेत आठ चौकटींमध्ये आठ माणसं एकमेकांवर ओरडतायत, हे दृश्य तेव्हा आपल्या कुणाच्या घरात आलेलं नव्हतं.

त्याच वर्षी रेडिओ वनवरच्या आपल्या कार्यक्रमात त्याने मायकेल हेझल्टाइन या बड्या मंत्र्याच्या मृत्यूची हूल उठवली. मृत्यू झाला, असं तो सरळ म्हणालाच नाही. मृत्यूची काही बातमी आलीच तर कळवू, अशा धर्तीचं म्हणाला, आणि एका खासदाराकडून श्रद्धांजलीचे शब्दही मिळवले. मंत्रिमहोदय ठणठणीत होते. मॉरिसला निलंबित व्हावं लागलं.

*

पुढची पायरी 'ब्रास आय'. १९९६ च्या नोव्हेंबरात सुरू व्हायची मालिका चॅनल फोरने ऐनवेळी लांबणीवर टाकली, आणि ती १९९७ च्या जानेवारी ते मार्चमध्ये दाखवली. पुन्हा सहाच भाग. प्राणी, अमली पदार्थ, विज्ञान, लैंगिकता, गुन्हेगारी आणि नैतिक अधःपात असे विषय. म्हणजे ज्या ज्या विषयावर वर्तमानपत्रं 'देश कुठे चाललाय?' असं विचारतात, ते ते विषय.

युक्ती साधी होती. एखादी खोटी संस्था काढायची, तिचं लेटरहेड छापायचं आणि खऱ्या प्रसिद्ध माणसांकडे जायचं: नट, गायक, निवेदक, खासदार. एक भीषण संकट आलंय, जनजागृती करायचीय, तुम्ही कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलाल का? आणि माणसं बोलली. परदेशातल्या एका प्राणिसंग्रहालयातली हत्तीण निराशेने सोंड स्वतःच्याच गुदद्वारात अडकवून बसलीय, तिला वाचवा, असं कळवळून बोलली. तारांमधून 'जड वीज' गळते आणि खालची माणसं चिरडून मरतात, असंही बोलली.

सगळ्यात गाजला तो 'केक'. हे एक नवं भयंकर ड्रग, पूर्व युरोपातून येणारं. तळहाताहून मोठी पिवळीधम्मक गोळी! मेंदूच्या एका भागावर तिचा परिणाम होतो, त्यामुळे वेळेचं भान सुटतं, आणि त्या भागाचं नाव 'शॅटनर्स बसून'. शॅटनर हा 'स्टार ट्रेक'मधला नट आणि बसून हे फुंकून वाजवायचं वाद्य. म्हणजे आपल्याकडे कुणी 'मेंदूतल्या अमिताभच्या सनईवर परिणाम होतो' असं सांगावं, तसंच. नोएल एडमंड्स हा त्या काळचा सर्वांत लोकप्रिय निवेदकांपैकी एक. त्याने ते गंभीर चेहऱ्याने सांगितलं. बर्नार्ड मॅनिंग हा विनोदवीर आला, मार्गारेट थॅचर यांचे एकेकाळचे प्रसिद्धीप्रमुख बर्नार्ड इंगहॅम आले, रॉल्फ हॅरिस आला. ज्या संस्थांतर्फे ही मंडळी बोलत होती त्यांच्या आद्याक्षरांची लघुरूपंही उघड उघड चेष्टेची होती. आणि कळस म्हणजे हे ड्रग 'बनवलेलं' आहे, असं ते स्वतःच प्रेक्षकांना सांगत होते. त्यांच्या मनात अर्थ होता 'रसायनांपासून बनवलेलं'. त्याच इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ 'मनातून रचलेलं'. खरं काय ते ते स्वतःच्या तोंडाने बोलत होते आणि ते त्यांना ऐकू येत नव्हतं.

डेव्हिड एमेस हे हुजूर पक्षाचे खासदार एक पाऊल पुढे गेले. त्यांनी १९९६ मध्ये थेट ब्रिटिश संसदेत गृहखात्याला 'केक'बद्दल प्रश्न विचारला, आणि खात्याने उत्तरही दिलं. हॅन्सार्ड म्हणजे त्यांच्या संसदेचं अधिकृत इतिवृत्त. अस्तित्वात नसलेल्या त्या गोळीची त्यात आजही नोंद आहे.

मला विचाराल तर यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही की, या लोकांना कुणी पैशाचं आमिष दाखवलं नव्हतं. आपल्याला फसवणुकीच्या ज्या गोष्टी माहीत असतात त्यांत माणूस लोभाने फसतो. चिट फंड, दुप्पट पैसे, गुप्तधन. इथे माणसं फसली ती भलं करण्याच्या इच्छेने. मुलांना वाचवायचंय, हत्तिणीला वाचवायचंय. लोभाच्या वेळी निदान मनात कुठेतरी पाल चुकचुकते. चांगल्या कामाच्या वेळी तीही चुकचुकत नाही. उलट, शंका घेणारा माणूसच वाईट ठरतो. 'मुलं मरतायत आणि तुम्ही पुरावा मागताय?'

हे मॉरिसने ओळखलं होतं. म्हणूनच पुढे त्याने जो विषय निवडला, तो सगळ्यात भयंकर होता. त्या विषयाबाबत शंका घेण्याची कुणाची म्हणजे कुणाचीच हिंमत नव्हती.

*

इथे जरा मागे जाऊन २००० सालचा उन्हाळा समजून घ्यावा लागेल. त्या जुलैमध्ये सारा पेन या आठ वर्षांच्या मुलीचा खून झाला. सारा देश हादरला, आणि ते रास्तच होतं. मग 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या खपाच्या रविवारच्या पेपरने मोहीम सुरू केली: मुलांवर अत्याचार केलेल्यांची नावं आणि फोटो छापायचे. पाठोपाठ पोर्ट्समथ शहरातल्या पॉल्सग्रोव्ह वस्तीत लोक रोज रात्री रस्त्यावर उतरू लागले. घरांवर दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या, काही कुटुंबं घर सोडून पळाली, आणि त्यांतल्या काहींचा कशाशीही संबंध नव्हता. त्याच ऑगस्टमध्ये वेल्समधल्या न्यूपोर्टजवळ एका महिला डॉक्टरच्या घरावर कुणीतरी रंगाने 'पीडो' असं लिहून ठेवलं. ती डॉक्टर लहान मुलांवर उपचार करायची. बालरोगतज्ज्ञाला इंग्रजीत 'पीडियाट्रिशियन' म्हणतात. पहिली तीन-चार अक्षरं सारखी आली, एवढाच तिचा गुन्हा.

या पार्श्वभूमीवर २६ जुलै २००१ ला 'ब्रास आय'चा तो विशेष भाग आला. मूळ मालिकेला चार वर्षं होऊन गेली होती, मॉरिस कोण हे एव्हाना उघड झालेलं होतं, तरीही माणसं पुन्हा फसली. नील फॉक्स या रेडिओ निवेदकाने सांगितलं की अशा गुन्हेगारांची जनुकं माणसापेक्षा खेकड्याशी अधिक जुळतात. याला पुरावा नाही, पण हे शास्त्रीय सत्य आहे, असंही त्याच दमात सांगितलं. फिल कॉलिन्स हा जगप्रसिद्ध गायक एका बोगस मोहिमेचा टी-शर्ट घालून बोलला. रिचर्ड ब्लॅकवुड या विनोदी नटाने सांगितलं की हे लोक संगणकाच्या की-बोर्डमधून विषारी वाफ सोडू शकतात, आणि त्याने की-बोर्ड हुंगूनही दाखवला. सिड रॅप्सन या खासदाराने सांगितलं की हे गुन्हेगार इंटरनेटचा आयर्लंडएवढा भाग वापरतात.

या रॅप्सन यांचा मतदारसंघ होता पोर्ट्समथ नॉर्थ. म्हणजे पॉल्सग्रोव्ह त्यांच्याच मतदारसंघात. डीव्हीडी पाहिल्यावर मी सहज नकाशा बघत होतो तेव्हा हे लक्षात आलं, आणि हसू एकदम थांबलं. ज्याच्या मतदारसंघात आदल्या वर्षी अफवेपायी घरं सोडावी लागली, त्या लोकप्रतिनिधीने तरी पुढे केलेला कागद वाचण्याआधी क्षणभर थांबायला हवं होतं. पण नाही. कारण काम चांगलं होतं ना!

नंतर जो गहजब झाला त्याचा एक छोटासा तुकडा मी कँटीनमध्ये पाहिला होताच. तक्रारींचा पाऊस पडला. बाल संरक्षणाचं काम पाहणाऱ्या गृहखात्यातल्या मंत्री बेव्हर्ली ह्यूज यांनी कार्यक्रमाला शब्दांत सांगता येणार नाही इतका विकृत ठरवलं. पुढे त्यांनी कबूल केलं की कार्यक्रम त्यांनी पाहिलाच नव्हता. (हे वाचून मला किती दिलासा वाटला म्हणून सांगू! मी एकटा नव्हतो, माझ्या जोडीला महाराणींच्या सरकारातल्या मंत्री होत्या.) 'डेली स्टार' या पेपरने कार्यक्रमावर आगपाखड करणारा मजकूर छापला आणि त्याच्या शेजारीच एका पंधरा वर्षांच्या गायिकेचा फोटो टाकून तिच्या उरोजांवर लाडिक शेरा मारला. हे मॉरिसने रचलेलं नव्हतं. हे त्यांनी आपणहून केलं. विडंबनाची शेवटची ओळ विडंबनाच्या बळीनेच लिहून द्यावी, असं भाग्य फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येतं.

*

इथवर वाचून वाटेल की मी मॉरिसचा भक्त झालोय. तसं नाही. म्हणजे काही काळ झालो होतो, पण नंतर काही गोष्टी खुपू लागल्या.

पहिली म्हणजे कँटीनमधल्या त्या आजी. त्यांनीही कार्यक्रम पाहिला नव्हता बहुतेक. पण त्यांचं थरथरणं खोटं नव्हतं. त्यामागे काय होतं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ज्यांनी लहानपणी हे खरोखर सोसलंय, त्यांनी हा विनोद कसा ऐकायचा? 'विनोद तुमच्यावर नाही, वृत्तवाहिन्यांवर आहे' हे उत्तर तर्काने बिनचूक आहे. पण जखम तर्काने भरत नाही. नियामक मंडळानेही नंतर चॅनल फोरवर ठपका ठेवला.

दुसरी गोष्ट रॉल्फ हॅरिस. तो 'केक'वर बोलला तेव्हा ब्रिटनच्या घराघरातला लाडका काका होता. २०१४ मध्ये तो मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दल दोषी ठरला आणि तुरुंगात गेला. त्याआधी २०१२ मध्ये जिमी सॅव्हिल या बीबीसीच्या मृत निवेदकाची दुष्कृत्यं बाहेर आली होती, ती तर अंगावर काटा आणणारी होती. काही जण म्हणतात, बघा, म्हणजे भीती खरीच होती, मॉरिस चुकला. मला उलट दिसतं. देश खेकड्यांची जनुकं आणि विषारी की-बोर्ड यांच्याकडे बघत होता, अंधाऱ्या गल्लीतला राक्षस शोधत होता, आणि खरा गुन्हेगार दर शनिवारी संध्याकाळी दिवाणखान्यातल्या टीव्हीवर हसत होता. भीती खरी होती, बोट चुकीकडे होतं. ज्यांनी सॅव्हिलबद्दल पूर्वी तक्रार केली होती, त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं, कारण ती तक्रार करणारी माणसं साधी होती आणि तो प्रसिद्ध होता, धर्मादाय कामासाठी कोट्यवधी जमवणारा. पुन्हा तेच. चांगल्या कामाचं कवच!

तिसरी गोष्ट मात्र अशी आहे की तिला माझ्याकडे उत्तर नाही. ती डेव्हिड एमेस यांची.

पण त्यासाठी मॉरिसच्या पुढच्या कामाकडे जायला हवं. २००१ नंतर त्याची पद्धत बदलली. मधे त्याने लघुपट केला, त्याला बाफ्टा मिळाला. चार्ली ब्रुकरबरोबर २००५ मध्ये 'नेथन बार्ली' ही मालिका केली. त्याच जुलैमध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये आत्मघाती स्फोट झाले. स्फोट करणारे चौघं ब्रिटनमध्येच वाढलेले. पुढची काही वर्षं मॉरिसने नुसता अभ्यास केला. पोलीस, गुप्तवार्तावाले, इमाम, सामान्य मुसलमान कुटुंबं, सगळ्यांशी बोलला. खटल्यांची कागदपत्रं वाचली. त्यातून २०१० मध्ये 'फोर लायन्स' हा चित्रपट आला. शेफील्डमधले काही तरुण लंडन मॅरेथॉनमध्ये चित्रविचित्र पोशाख घालून बॉम्बस्फोट करायला निघतात. ते महामूर्ख आहेत, आपसात भांडतात, आणि तरीही माणसं मरतात. हसता हसता घशात आवंढा येतो. मूर्खपणा आणि क्रौर्य एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, हे इतकं स्पष्ट मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. २०१९ च्या 'द डे शॅल कम'मध्ये त्याने याच्या उलट बाजू दाखवली. अमेरिकेची एफबीआय एका गरीब, भ्रमिष्ट धर्मोपदेशकाला पैसे आणि शस्त्रांचं आमिष दाखवून अतिरेकी 'बनवते', आणि मग त्याला पकडून शाबासकी घेते. म्हणजे पुन्हा 'केक'च. फक्त या वेळी खोटी गोष्ट सरकारनेच रचलेली, आणि तुरुंगात जाणारा माणूस खरा.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी डेव्हिड एमेस आपल्या मतदारसंघात, ली-ऑन-सी गावातल्या एका चर्चमध्ये लोकांची गाऱ्हाणी ऐकत बसले होते. भेटीची वेळ घेऊन आलेल्या एका तरुणाने त्यांना चाकूने भोसकून मारलं. इस्लामिक स्टेटच्या विचारांनी भारलेला, ब्रिटनमध्येच वाढलेला तरुण. 'फोर लायन्स'मधला असावा असा. पण यात हसण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवशी मी बातमी वाचली आणि डोक्यात पहिला शब्द कुठला आला असेल? 'केक'. एक माणूस मरून पडलाय, जवळजवळ चाळीस वर्षं संसदेत काढलेला, प्राण्यांच्या बाजूने आपल्या पक्षाच्या विरोधातही उभा राहिलेला, आणि मला आठवते ती पंचवीस वर्षांपूर्वीची पिवळी गोळी. माझी मलाच लाज वाटली. मग वाटलं, त्या माणसाने नेमकं काय केलं होतं? त्याला सांगितलं गेलं की मुलं मरतायत. त्याने जाऊन सरकारला प्रश्न विचारला. खासदाराने दुसरं काय करायचं असतं? अनोळखी माणसावर विश्वास ठेवला, हाच जर गुन्हा, तर शेवटच्या दिवशीही त्याने तेच केलं. दार उघडं ठेवलं.

दुसरी बाजूही खरीच आहे. त्याने सरकारला प्रश्न विचारला हे चांगलं, पण कॅमेऱ्यासमोर उत्तरही देऊन टाकलं होतं. विचारण्यासाठी विश्वास लागतो. ठासून सांगण्यासाठी खात्री लागते. या दोन गोष्टी मॉरिसने वेगळ्या केल्या नाहीत, त्याच्या फडक्यात दोन्ही एकदम झटकल्या गेल्या. त्याने ते करायला नको होतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

शेवटी दुसरी कबुली. पहिलीपेक्षा जड.

२०१८ च्या जूनमध्ये मी पुण्यात होतो. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. खाली लिहिलेलं, मुलं पळवणाऱ्या टोळ्या आपल्या भागात आल्या आहेत. माझी भाची तेव्हा सहा वर्षांची होती. मी तो व्हिडिओ आणखी दोन ग्रुपवर टाकला, आणि वर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी घेतलेली बरी.'

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. आणि तो व्हिडिओ? तो कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या फिल्मचा कापलेला तुकडा होता. मूळ फिल्मच्या शेवटी ते मोटारसायकलवाले मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारी पाटी दाखवतात. जनजागृतीच होती ती. चांगलं काम.

माझा मेसेज राईनपाड्याला पोचला नसणार. पण तो कुठे कुठे गेला, हेही मला कधीच कळणार नाही. त्या रात्री मला आठवला तो नील फॉक्स आणि त्याचा खेकडा. पुरावा नाही, पण सत्य आहे. खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी घ्या. फरक असलाच तर एवढा, की त्याच्या हातात ते वाक्य दुसऱ्याने लिहून दिलं होतं. माझं मीच लिहिलं होतं, सतरा वर्षांपूर्वी एकदा चांगला धडा मिळालेला असूनसुद्धा.

दोन्ही ग्रुपवर मी दुसऱ्या दिवशी लिहिलं की तो व्हिडिओ खोटा होता, मी न बघता पाठवला, चूक झाली. एका काकांनी उत्तर दिलं, "असू दे रे, हेतू चांगला होता ना तुझा!"